डेट्रॉईटची शनिवारची मंडई

डेट्रॉईट हें नांव ऐकतांच मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें उभे राहतात. हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं आपली ‘मॉडेल टी’ गाडी येथेंच प्रथम तयार केली, आणि १९१४ सालीं कामगारास दिवसाला पांच डॉलर मजुरी देण्याचें जाहीर करून साऱ्या जगास चकित केलें. पोटासाठीं माणसें चोहोंकडून या शहरांत लोटलीं. १९५० च्या खानेसुमारींत येथील वस्ती साडेअठरा लाखांच्या घरांत होती. २०२० च्या खानेसुमारींत ती साडेसहा लाखांच्याहि आंत आली. कारखाने दूर गेले, घरें ओस पडलीं, आणि २०१३ सालीं तर खुद्द शहराच्या सरकारानेंच दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा शहरांत प्रवाशानें पाहावें तरी काय? मोठें चित्रसंग्रहालय आहे, नदी आहे, नदीपलीकडे कॅनडाचा किनारा आहे. हें सर्व आम्हीं पाहिलें. परंतु मनांत घर करून राहिली ती तेथील भाजीमंडई. तिच्याविषयीं चार शब्द वाचकांस सांगावे, म्हणून हा लेख.

२०२५ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां आमच्या पुतण्याकडे दोन महिने राहिलों होतों. शहराच्या वायव्येस नोव्ही नांवाचें उपनगर आहे. तेथें त्याचें बिऱ्हाड. मोटारींच्या धंद्यामुळें या भागांत इंजिनियर लोकांची वस्ती मोठी, आणि त्यांत मराठी कुटुंबेंहि बरींच आहेत. महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो, पुरणपोळीहि मिळते. घरापासून दहा मिनिटांवर मोठमोठालीं दुकानें असल्यामुळें शहरांतील मंडईंत जाण्याची तेथें कोणास फारशी गरज पडत नाहीं. परंतु पुतण्या म्हणाला, “काका, संग्रहालय काय दुपारींहि उघडें असतें. मंडई मात्र शनिवारीं सकाळींच पाहावी.” त्याप्रमाणें ऑगस्टांतील एका शनिवारीं सकाळीं सातच्या सुमारास आम्ही सर्वजण तेथें जाऊन पोंचलों.

या मंडईस ‘ईस्टर्न मार्केट’ म्हणतात. सध्यांच्या जागेवर ती १८९१ सालापासून भरत आली आहे. म्हणजे पुण्याची जुनी रे मार्केट, जी आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते, तिच्याहून ही अवघी पांच वर्षांनीं धाकटी. रसेल स्ट्रीट नांवाच्या रस्त्याच्या कडेनें एकामागून एक लांबलचक शेडी उभ्या आहेत. एक शेड १८९८ सालची आहे व ती मोकळी आहे. दुसरी १९२२ सालची असून चोहोंकडून बंद आहे, म्हणजे बर्फ पडूं लागलें तरी बाजार चालूं राहतो. शेडींच्या भोंवतीं मांसाचीं, मसाल्यांचीं व सुक्या मेव्याचीं जुनीं दुकानें आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर भलींमोठीं रंगीत चित्रें काढलेलीं आहेत.

ऑगस्ट महिना म्हणजे मिशिगनच्या शेतीचे सुगीचे दिवस. मक्याच्या कणसांचे ढीग, ताजीं गाजरें, बीट, फरसबी, तऱ्हेतऱ्हेचे टोमॅटो, पीच, ब्लूबेरी यांनीं शेडी भरून गेल्या होत्या. आमच्या सौ.नीं संवयीप्रमाणें एक कणीस थोडें सोलून दाण्यांत नख रुतवून पाहिलें, तेव्हां पलीकडील शेतकरीण हंसली. ती खूण तिलाहि ठाऊक होती. एके ठिकाणीं आळवासारख्या रुंद पानांच्या ‘कोलार्ड’ नांवाच्या भाजीच्या जुड्या रचलेल्या होत्या. दक्षिणेकडील संस्थानांतून जे काळे लोक कामासाठीं या शहरांत आले, त्यांनीं ही आवड आपल्याबरोबर आणली. माणूस गांव सोडतो, परंतु भाजी सोडीत नाहीं, हें येथेंहि दिसून आलें. एक मांडणी तर खुद्द शहरांतील ओसाड जागांवर पिकविलेल्या मालाची होती; तिच्यावर ‘ग्रोन इन डेट्रॉईट’, म्हणजे ‘डेट्रॉईटांतच पिकलेलें’, अशी पाटी होती. अर्थात् साराच माल त्या मुलखांतला नव्हे. केळीं आणि अननस विकणारे व्यापारीहि होते. म्हणून ज्याला शेतकऱ्याचाच माल हवा असेल त्यानें पाटी वाचावी, नाहीं तर विचारावें.

मंडईंत एके ठिकाणीं लोकांची लहानशी रांग लागली होती. मेजापलीकडे बसलेली बाई एकेकाचें कार्ड घेऊन यंत्रांत फिरवी व त्याच्या हातीं मोजून बिल्ले देई. त्या कार्डावर एका मोठ्या झुलत्या पुलाचें चित्र होतें. मिशिगन संस्थानाचे दोन तुकडे आहेत, आणि मध्यें पाणी आहे. ते तुकडे जोडणारा मॅकिनॉ येथील पूल १९५७ सालीं खुला झाला. त्याचेंच हें चित्र, व त्यावरून कार्डाचें नांव ‘ब्रिज कार्ड’. गरीब कुटुंबांस अन्नासाठीं सरकारकडून दरमहा जी मदत मिळते ती या कार्डावर जमा होते. साऱ्या अमेरिकेंत २०२४ सालीं चार कोटींहून अधिक माणसांस, म्हणजे दर आठांत सुमारें एकास, ही मदत मिळत होती. तिच्यांतून धान्य, भाजी, दूध, मांस घेतां येतें. दारू, तंबाखू, साबण किंवा दुकानांतील गरम शिजविलेलें अन्न घेतां येत नाहीं. मात्र अन्न देणाऱ्या झाडांचें बीं किंवा रोप घेण्यास मुभा आहे. या शेवटल्या नियमाचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

आमच्या पुढें एक वृद्ध बाई आपल्या नातवासह उभी होती. तिच्या कार्डांतून जितके डॉलर कापले गेले तितक्यांचे बिल्ले तिला मिळालेच; शिवाय दुसऱ्या प्रकारचे कांहीं बिल्ले वर मिळाले. ते वरचे बिल्ले तिनें नातवाच्या मुठींत दिले. पुढें एका मांडणीपाशीं तीं दोघें पुन्हां दिसलीं. मुलानें पीच निवडून निवडून घेतले, हाताळून पाहिले, एक परत ठेवला, आणि मग ऐटीनें बिल्ले मोजून दिले. शेतकऱ्यानें ते आपल्या रोकडीच्या डब्यांतच टाकले. त्याच्या लेखीं नोट आणि बिल्ला यांत भेद नव्हता. संध्याकाळीं मंडईच्या कचेरींत बिल्ल्यांची नोंद होई व त्याचे पैसे त्यास मिळत.

हे वरचे बिल्ले कसले, असें आम्हीं पुतण्यास विचारलें. त्याची माहिती त्रोटक होती. परंतु त्याच्या मुलीनें शाळेंत यावर निबंध लिहिला होता. तिनें जें सांगितलें व मागून आम्हीं जें वाचलें, त्याचा सारांश असा.

भुकेल्यास अन्न आणि शेतकऱ्यास दाम हीं दोन्ही एकाच व्यवहारांत साधावींत, ही कल्पना त्या देशांत बरीच जुनी आहे, आणि डेट्रॉईटांत तर फारच जुनी. १८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली, तेव्हां हेझन पिंग्री नांवाचे गृहस्थ या शहराचे नगराध्यक्ष होते. मूळचे ते जोडे तयार करणारे कारखानदार. त्यांनीं १८९४ सालीं शहरांतील पडीक जमिनी बेकार कुटुंबांस बटाटे व भाज्या लावण्यासाठीं देवविल्या. लोकांनीं थट्टा केली, वर्गणीस हात आखडते घेतले. तेव्हां पिंग्री यांनीं खर्चासाठीं आपला आवडता घोडा लिलावांत काढला. शहरानें उपाशी माणसास शिधा देण्याऐवजीं वाफा दिला, आणि पीक आल्यावर थट्टा आपोआप थांबली.

पुढें १९३० नंतरच्या दशकांत तीच विसंगति साऱ्या देशास जाचूं लागली. शहरांत माणसें उपाशी आणि खेड्यांत लोणी, अंडीं, संत्रीं यांस गिऱ्हाईक नाहीं. तेव्हां शेतकी खात्यानें १६ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं एक योजना सुरू केली. गरजू कुटुंबानें अन्नासाठीं नेहमीं होणाऱ्या खर्चाइतकीं नारिंगी तिकिटें विकत घ्यावींत. दर एक डॉलरच्या नारिंगी तिकिटांमागें अर्ध्या डॉलरचीं निळीं तिकिटें फुकट मिळत. नारिंगी तिकिटांवर कोणतेंहि अन्न घेतां येई. निळीं मात्र, ज्या पिकाचा वाढावा झाला आहे असें सरकारनें जाहीर केलें असेल, त्याच मालासाठीं. अशा रीतीनें उपाशी घराची चूल आणि शेतकऱ्याचें कोठार एका दोरीनें बांधलें गेलें. महायुद्धांत बेकारी हटली, वाढावाहि संपला, आणि १९४३ सालीं ही योजना गुंडाळण्यांत आली.

१९६१ सालीं अध्यक्ष केनेडी यांनीं ती पुन्हां आठ ठिकाणीं प्रयोगादाखल सुरू केली. त्या आठांत डेट्रॉईट होतें. १९६४ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. परंतु निळ्या तिकिटांची अट आतां नव्हती. वाढाव्याच्याच मालाचें बंधन राहिलें नाहीं. तिकिटें आधीं विकत घेण्याची अट १९७७ च्या कायद्यानें गेली. कागदी तिकिटें जाऊन २००४ पर्यंत सर्व देशभर कार्डें आलीं. सोय झाली, लाजहि कमी झाली. परंतु त्याबरोबर शेतकरी दृष्टीआड झाला. कार्ड चाले तें मोठ्या दुकानांत. मंडईंतील शेतकऱ्यापाशीं यंत्र कोठून असणार? कागदी तिकीट तो हातांत घेऊं शकत होता, कार्डाचें त्यानें काय करावें?

ही तुटलेली दोरी पुन्हां जोडण्याचा प्रयत्न निरनिराळ्या शहरांत झाला. न्यूयॉर्क शहरानें शेतकरी बाजारांत दर पांच डॉलर खर्चास दोन डॉलरची चिठ्ठी वर देण्यास आरंभ केला. डेट्रॉईटांत २००९ सालीं ‘फेअर फूड नेटवर्क’ या संस्थेनें ‘डबल अप’ नांवाची योजना सुरू केली. मंडईंत कार्डांतून जितके डॉलर खर्चाल तितक्यांचे बिल्ले वर घ्या. आरंभींच्या काळांत मर्यादा एका दिवसास वीस डॉलरची होती. अट एवढीच कीं वरच्या बिल्ल्यांतून मिशिगनांत पिकलेलीं फळें व भाज्याच घ्यावयाच्या. प्रथम पैसा धर्मादाय संस्थांनीं दिला. पुढें २०१४ च्या शेतकी कायद्यानें अशा योजनांसाठीं पांच वर्षांत दहा कोटि डॉलर मंजूर केले, मात्र त्यास स्थानिक निधीची जोड मिळाली पाहिजे असें ठरविलें. २०१८ सालीं ही तरतूद कायमची झाली. अशा रीतीनें निळें तिकीट साठ-सत्तर वर्षांनीं नवें रूप घेऊन परत आलें.

यांत शेतकऱ्याचा लाभ कोणता, तें थोड्या आंकड्यांनीं कळेल. अमेरिकन गिऱ्हाईक अन्नावर जो एक डॉलर खर्च करतें, त्यांतील शेतकऱ्याच्या वांट्यास सरासरीनें पंधरा-सोळा सेंटच येतात. बाकीचे वाहतूक, कारखाने, वेष्टणें, जाहिरात व दुकान यांत जातात. मंडईंत शेतकरी स्वतः विकतो, तेव्हां जागेचें भाडें आणि गाडीचें तेल वजा जातां उरलेला दाम त्याच्याच हातीं पडतो. तो त्याच जिल्ह्यांत न्हाव्यास, लोहारास, बियांच्या दुकानदारास दिला जातो. अन्नाच्या मदतीचा पैसा थांबून राहत नाहीं, लगेच बाजारांत फिरतो, हें तेथील शेतकी खात्यानेंहि २०१९ सालीं हिशेब करून दाखविलें आहे: मंदीच्या काळांत अशा मदतीवर एक अब्ज डॉलर खर्च केले, तर देशाचें एकंदर उत्पन्न सुमारें एक अब्ज चोपन्न कोटींनीं वाढतें. प्रश्न एवढाच कीं तो पैसा फिरत फिरत कोणाच्या अंगणांत जातो.

त्या रात्रीं जेवतांना या विषयावर घरांत चांगलाच वाद झाला. पुतण्याचें म्हणणें असें, “काका, हा पैसा आमच्या करांतून जातो. मग सारीच मदत स्थानिक भाजीफळांपुरती कां बांधूं नये? गोड सोड्याच्या बाटल्या आमच्या पैशानें कां?” त्याचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता, इंडियाना, आयोवा, नेब्रास्का इत्यादि संस्थानांनीं २०२६ च्या आरंभापासून गोड पेयें कार्डावर देण्यास बंदी केलीच आहे. सूनबाईंचें मत उलट होतें. ती म्हणाली, “दिवसभर उभें राहून काम करणाऱ्या बाईनें काय खावें हें आपण वातानुकूलित घरांत बसून ठरवावयाचें काय?”

तेव्हां सौ.नीं आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांना घरांत नाना म्हणत. नाना लहानपणीं पुण्यास वार लावून जेवले व शिकले. सात वारांचीं सात घरें. सगळींकडे पोट भरे. कोठें दोन शब्द ऐकून घ्यावे लागत, कोठें पान ओसरीवर एका बाजूस मांडलें जाई. परंतु म्हातारपणीं त्यांना नांवनिशीवार आठवे तें मंगळवारचें घर. त्या घरची माउली आदल्या आठवड्यास विचारी, “बाळ, पुढल्या मंगळवारीं कोणती भाजी करूं?” ती भाजी साधीच असे, बहुतेक त्यांच्याच परसांतील. “सहा घरांनीं मला जेवूं घातलें,” असें नाना म्हणत, “आणि सातव्या घरानें मला विचारलें.”

ही गोष्ट ऐकल्यावर सर्वजण कांहीं वेळ गप्प बसले. आम्हांस वाटतें, डेट्रॉईटच्या त्या बिल्ल्यांचें मर्म यांतच आहे. ते मूळच्या मदतींतून कांहीं काढून घेत नाहींत. तिच्यावर भर घालतात. ‘हें खाऊं नको’ असें न म्हणतां ‘हें घेशील तर दुप्पट घे’ असें म्हणतात. सक्तीनें शेजारच्या शेतकऱ्याचें भलें झालें, तर मदत घेणारा त्या शेतकऱ्यासच शत्रु समजूं लागेल. त्या मुलानें पीच हाताळून एक परत ठेवला. परत ठेवण्याचा तो हक्क जोंपर्यंत शाबूत आहे तोंपर्यंत तो गिऱ्हाईक आहे, याचक नाहीं.

तथापि या योजनेचें गुणगान करतांना तिच्या मर्यादा झांकून ठेवणें बरें नव्हे. त्या देशांतील अन्नमदतीच्या एकंदर रकमेपैकीं शेतकरी बाजारांत खर्च होते ती शेंकडा एकहि नाहीं. डेट्रॉईट शहर लांबरुंद पसरलेलें. ज्याच्याजवळ मोटार नाहीं त्यास मंडई दूर, आणि हातांत पिशव्या घेऊन बस पकडणें हें वृद्धांचें काम नव्हे. म्हणून २०१३ पासून शहरांतील कांहीं किराणा दुकानांतहि हे दुप्पट दाम देण्याची सोय झाली. हिंवाळ्यांत मिशिगनची जमीन गोठते. तेव्हां सफरचंदें, बटाटे, कोबी आणि सुक्या शेंगांचे दाणे यांवरच भागवावें लागतें. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, भर घालावयाची तर मुळांत कांहीं तरी असावें लागतें.

हें शेवटचें वाक्य आम्हीं सहज लिहिलें नाहीं. आम्ही स्वदेशीं परतलों, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून अमेरिकेंत अंदाजपत्रकाच्या भांडणामुळें सरकारी कामकाज बंद पडलें. नोव्हेंबर उजाडला तेव्हां कोट्यवधि कुटुंबांच्या कार्डांवर त्या महिन्याची मदत वेळेवर जमा झाली नाहीं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १२ नोव्हेंबरला तंटा मिटल्यावर व्यवहार मार्गास लागला. त्या दिवसांत सूनबाईंचा फोन आला. त्यांच्या महिला मंडळानें धान्य गोळा करण्याचें ठरविलें होतें. “काकू, दुकानांतून डबे घेऊन द्यावे, कीं मंडईंतील शेतकऱ्यांकडून बटाटे आणि सफरचंदें घ्यावीं?” असा तिचा प्रश्न. कार्डें रिकामीं झालीं कीं त्या शेतकऱ्याचा डबाहि हलका होतो, हें तिच्या ध्यानांत आलें होतें. सौ. म्हणाल्या, “बटाटे घ्या. आणि ज्यांना द्यावयाचे त्यांना आधीं विचारा.” पुतण्यानें पोतीं आपल्या गाडींतून वाहिलीं, असें मागाहून कळलें. त्याचें करांविषयींचें मत बदललें कीं नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत गहूं व तांदूळ यांच्याबरोबर भरड धान्याचीहि तरतूद आहे, आणि जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य मिळतें. तरी ज्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी भाजली जाते, तेथेंहि स्वस्त धान्याच्या दुकानांतून घरीं येतो तो बहुधा गहूं आणि तांदूळच. शेजारच्या शिवारांतील ज्वारी व्यापाऱ्याच्या दाराशीं भावाची वाट पाहत उभी असते. हा मोठा राज्यकारभाराचा विषय आहे आणि त्याचा निकाल एका लेखांत लागणार नाहीं.

परंतु आपल्या घरचा दानधर्म तर आपल्या हातांत आहे ना? अधिक मासांत आपण शिधा देतों, पितृपंधरवड्यांत देतों, मोलकरणीच्या मुलाबाळांस सणावारीं देतों, वसतिगृहांस व अन्नछत्रांस धान्य पाठवितों. तें धान्य आपण कोठून घेतों? बहुधा फोनवर सांगून, चकचकीत पिशवींतून. तेंच आपल्या तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याकडून, किंवा बचत गटाच्या बायांकडून घेतलें, तर एकाच दानानें दोन घरांची चूल पेटेल. दोन रुपये अधिक पडतील, निवडण्यास थोडा वेळ लागेल; घरांत सुपें आहेत आणि पाखडणारे हातहि अजून आहेत. आमच्या घरीं या वर्षापासून तसें ठरलें आहे. आणि शिधा देण्यापूर्वीं, ज्वारी हवी कीं तांदूळ, एवढें विचारावयाचें असेंहि ठरलें आहे. पहिल्या खेपेस ज्यांना विचारलें त्या बाई क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, “ज्वारीच द्या, पण नवी नको, जुनी असली तर बघा.”